‘भिऊ नको’ म्हणून भागत नाही

विंचूरहून आम्ही बोलतोय. आमच्या बैठकीत आशाताई आहेत, अंगणवाडीताई आहेत, आणि बाकीच्या आम्ही कांद्याच्या नाहीतर द्राक्षाच्या रानात राबणाऱ्या बाया. आज बोलायचं आहे बाळंतपणाच्या भीतीबद्दल.

दिवस गेलेल्या पोरीला आपण सगळ्याजणी एकच सांगतो, ‘भिऊ नको गं, काही होत नाही.’ तिची पाठ वळली की तिथंच बसून सुरू होतं: कुणाच्या कळा तीन दिवस चालल्या, कुणाला किती टाके पडले, कुणाचं बाळ आडवं आलं. ती पोर आत चहा ठेवत असते आणि सगळं ऐकत असते. तिनं ‘भिऊ नको’ ऐकायचं की हे ऐकायचं? आणि विचारायची चोरी. विचारलं तर, ‘आम्ही नाही का चार-चार बाळंतपणं केली?’ असं उत्तर मिळतं. मग ती गप्प बसते, आणि नवव्या महिन्यात रात्र-रात्र जागी राहते.

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं आपल्याकडे म्हणतात. ते उगाच म्हणत नव्हते. आनंदीबाई जोशींची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या आणि दहा दिवसांत बाळ गेलं. त्यानंतर त्या अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या, आणि पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषयही बाळंतपणच होता. आपल्या आज्या-पणज्यांनी घरोघरी असं पाहिलेलं आहे. त्यांच्या गोष्टी खऱ्याच होत्या.

पण काळ हलला, गोष्टी मात्र तिथंच राहिल्या. सरकारची नमुना नोंदणी पाहणी असते, तिचे आकडे सांगतो. महाराष्ट्रात २००४ ते २००६ या काळात एक लाख जन्मांमागे १३० माता दगावत होत्या. २०१८ ते २०२० या काळात तोच आकडा ३३ वर आला. दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचं प्रमाण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यात शंभरातल्या जवळजवळ ९५ वर पोचलं होतं. तेव्हा पोरीला आजीची गोष्ट सांगायची असेल तर हा आकडाही सोबत सांगा. ३३ सुद्धा जास्तच आहेत, त्यांच्याबद्दल पुढं बोलू. पण शंभरातल्या नव्याण्णव जणींना जे होणार नाही, त्याचं ओझं शंभरही जणींनी नऊ महिने वाहायचं, हे काही बरोबर नाही.

आता भीतीनं नेमकं होतं काय, ते पाहू. गोठ्यातली गाय व्यायला आली की आपण काय करतो? पोरांना हाकलतो, कुत्र्याला लांब बांधतो, उजेड कमी ठेवतो, हळू बोलतो. गाय बिथरली तर वेणा थांबतात, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. बाईचं शरीर वेगळं नाही. कळा येतात त्या ऑक्सिटोसिन नावाच्या शरीरातल्याच एका रसानं. जिवाला धोका वाटला की दुसरा रस सुटतो, अॅड्रेनॅलिन. साप दिसल्यावर छातीत धडधड होते आणि पायात बळ येतं, ते यामुळंच. रक्त हातापायांकडं धावतं, पिशवीकडं कमी पडतं. अंग ताठ होतं, दात आवळले जातात, कंबर आखडते. मग कळा लांबतात, आणि आखडलेल्या अंगात तीच कळ जास्त दुखते. दुखलं की आणखी भीती. इंग्लंडचे एक डॉक्टर होते, ग्रँटली डिक-रीड. भीती, ताण आणि वेदना हे असं एकमेकींना ओढणारं रहाट त्यांनी १९३०-४० च्या सुमाराला पुस्तकांतून मांडलं. भीती गेली तर वेदनाही बहुतेक जाते, असं त्यांना वाटे. ते काही आम्हाला पटत नाही. कळा दुखतात, भरपूर दुखतात. न भ्यालेल्या बाईलाही दुखतात. पण भीतीनं त्यात जी भर पडते, ती कमी करता येते, एवढं नक्की.

कमी करण्याचा पहिला उपाय म्हणजे काय होणार ते आधी कळणं. अंधारात विहिरीत उतरायला लावलं तर कुणीही घाबरेल, पायऱ्या माहीत असल्या तर उतरता येतं. म्हणून पायऱ्या सांगतो.

शेवटच्या महिन्यात पोट मधूनच कडक होतं आणि सुटतं. चाललं, पाणी प्यायलं, कूस बदलली की ते थांबतं. या खोट्या कळा. खऱ्या कळा थांबत नाहीत. त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं, जोर वाढत जातो, आणि बऱ्याचदा त्या कमरेतून पुढं पोटाकडं येतात. आधी चिकट, थोडंसं रक्त मिसळलेलं पाणी जाऊ शकतं, त्याला घाबरू नये. सुरुवातीला कळा दूर-दूर असतात. पिशवीचं तोंड हळूहळू मऊ होत लिंबाएवढं, म्हणजे ५ सेंटीमीटर उघडतं. पहिलटकरणीला यालाच अख्खी रात्र किंवा त्याहून जास्त लागू शकते, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. ‘तीन दिवस कळा’ म्हणतात त्यातला बराच वेळ हा असतो. तिथून पुढं खरा जोर. लिंबाएवढं तोंड पुरीएवढं, १० सेंटीमीटर होईपर्यंत पहिल्या खेपेला बारा तासांपर्यंत, पुढच्या खेपेला दहा तासांपर्यंत लागू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बहुतेकींना त्याहून कमीच लागतात.

बारा तास ऐकून धसका घेऊ नका. इथं जरा हिशेब करू. बचत गटात हिशेब आपण करतोच. जोराच्या कळा दहा मिनिटांत तीन येतात, असं धरा. एक कळ पाऊण मिनिटाची. तासाला अठरा कळा, म्हणजे साडेतेरा मिनिटं दुखणं. राहिलेली साडेशेहेचाळीस मिनिटं विश्रांतीची. शेवटी-शेवटी कळा लांब आणि जवळ येतात, तरी दोन कळांमध्ये सोडवणूक असतेच. घाबरलेली बाई या सोडवणुकीत पुढच्या कळेची वाट बघत ताठ पडून राहते आणि थकून जाते. जिला हा हिशेब माहीत आहे, ती त्या दोन-तीन मिनिटांत डोळे मिटते. आम्ही पाहिलंय, काहीजणी कळांच्या मध्ये चक्क डुलकी काढतात.

तोंड पूर्ण उघडलं की खाली जोर करावासा आपोआप वाटतो. त्याआधी ‘जोर कर, जोर कर’ म्हणून कुणी मागं लागलं तरी उपयोग नसतो, उगाच दम संपतो. बाळ बाहेर यायला पहिल्या वेळी दोन-तीन तासही लागू शकतात. बाळ आलं की मांडीत एक इंजेक्शन देतात. ते कशासाठी, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो: पिशवी आवळावी आणि जास्त रक्त जाऊ नये म्हणून. मग अर्ध्या तासाच्या आत बहुधा वार पडते. झालं.

आता कळ येईल तेव्हा करायचं काय? श्वास. नाकानं हळू श्वास घ्यायचा, मनात चारपर्यंत मोजत. तोंडानं सोडायचा, सहापर्यंत मोजत, बशीतल्या चहावर फुंकर घालतो तसा. चूल फुंकतो तसा नाही बरं का, त्यानं चक्कर येते. सोडताना खांदे खाली, जबडा सैल, मुठी उघड्या. आवाज काढावासा वाटला तर काढावा. खालच्या स्वरात ‘आऽऽ’ किंवा ‘हूंऽऽ’ केलं की अंग सैल राहतं. किंचाळल्यानं घसा आवळतो, पण म्हणून ओरडणाऱ्या बाईला कुणी दटावू नये. हा श्वास कळा सुरू झाल्यावर शिकता येत नाही. सातव्या महिन्यापासून रोज रात्री अंथरुणावर दहा वेळा करायचा. आमच्या बैठकीत गर्भार बाया हे एकत्र करतात, आणि खरं सांगायचं तर म्हाताऱ्यांनाही त्यानं झोप चांगली लागते, म्हणून त्याही करतात.

दुसरं म्हणजे उताणं पडून राहायचं नाही. आत काही अडचण नसेल तर चालावं, भिंतीला टेकून कंबर हलवावी, कुणाच्या गळ्यात हात घालून झुकावं, निंदायला बसतो तसं उकिडवं बसावं. दमलं तर डाव्या कुशीवर झोपावं. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर घोट-घोट पाणी, पेज, साखरेचा चहा घ्यावा. उपाशी पोटी बारा तास कोण राबेल?

आणि आता सगळ्यात मोठं औषध. ते दुकानात मिळत नाही. ते म्हणजे जवळ बसलेली एक बाई. २०१७ साली जगभरातले २६ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, पंधरा हजारांहून जास्त बायांचे. ज्यांच्याजवळ कळा सुरू झाल्यापासून शेवटपर्यंत एक माणूस सतत होतं, त्यांच्यात आपोआप बाळंत होण्याचं प्रमाण जास्त, सिझेरियन कमी, कळांचा वेळ थोडा कमी, आणि नंतर ‘माझं बाळंतपण वाईट गेलं’ म्हणणाऱ्या कमी. आपल्या जुन्या सुईणी हेच काम करत होत्या. त्यांचं बाकीचं काम दवाखान्यानं घेतलं ते चांगलंच झालं, पण पाठीवरून फिरणारा हात मात्र मध्येच कुठंतरी सुटला.

तो हात परत आणता येतो. केंद्र सरकारनं २०१६ साली सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या खोलीत सोबतीण ठेवायला मान्यता दिली आहे. ती शक्यतो स्वतः बाळंतपण झालेली नात्यातली बाई असावी, तिला कुठला संसर्गाचा आजार नसावा, स्वच्छ कपडे असावेत आणि तिनं डॉक्टर-सिस्टरच्या कामात ढवळाढवळ करू नये. दाराशी ‘बाहेर थांबा’ म्हणाले तर भांडू नका, पण गप्पही बसू नका. ‘सिस्टर, सोबतीण म्हणून मी आत थांबते, मध्ये पडणार नाही,’ असं हात जोडून पण ठामपणे सांगा. त्याहून चांगलं म्हणजे आठव्या महिन्यातल्या तपासणीलाच विचारून ठेवा.

सोबतीण कोण, हे गर्भार बाईनं ठरवायचं. इथं आम्ही थोडं स्पष्ट बोलतो. सासूबाई वयानं मोठ्या आहेत म्हणून, आई जन्मदाती आहे म्हणून त्यांचाच हक्क, असं नसतं. आई स्वतःच रडत बसणार असेल तर ती सोबतीण कशी होणार? कधी जाऊ बरी असते, कधी मोठी नणंद, कधी मावशी. तिचं काम सोपं आहे आणि अवघडही. कळ आली की तळहाताची टाच कमरेच्या खाली घट्ट दाबून धरायची. सोबत श्वास मोजायचा. कळ गेली की घाम पुसायचा, पाण्याचा घोट द्यायचा, ‘ही गेली, एक कमी झाली’ म्हणायचं. ‘अजून किती वेळ’ असं दर दहा मिनिटांनी विचारायचं नाही. दुसऱ्या कुणाच्या बाळंतपणाचं नाव काढायचं नाही. फोनवर बोलायचं नाही.

बऱ्याच जणींना कळांपेक्षा जास्त भीती वाटते ती बोलणी खाण्याची. आमच्यातल्या काहींना टेबलावर असताना लागेल असं बोललं गेलंय, ते दुखणं टाक्यांपेक्षा उशिरा बरं झालं. पाहिजे तेव्हा पाणी मिळणं, पडदा असणं, काय करणार ते आधी सांगितलं जाणं, हा उपकार नाही. जवळ आपलं माणूस असलं की बोलणाऱ्याचाही आवाज खाली येतो.

अजून एक भीती आहे, ती कुणी बोलून दाखवत नाही. ‘मुलगी झाली तर?’ पहिली मुलगी असलेल्या बाईच्या मनात कळांच्या मध्येसुद्धा हाच विचार असतो. मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या बीजावर ठरतं, आईच्या हातात त्यातलं काहीही नाही, हे शाळेतल्या पोरांच्या पुस्तकात आहे. सासूबाईंनो, नवव्या महिन्यात सुनेला एकदा तोंडानं सांगा, ‘काहीही होऊ दे, आम्हाला चालेल.’ मनात असून उपयोग नाही, तिला ऐकू गेलं पाहिजे. नवऱ्यानंही सांगावं. या एका वाक्यानं तिला शांत झोप लागेल.

आता ते ३३. काही भीती ही घालवायची नसते, तिचं ऐकायचं असतं. अंगावरून रक्त जाणं, डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी, तोंड आणि हात सुजणं, झटके, ताप, पोट सोडवणूक न देता सलग दुखणं, बाळाची हालचाल कमी होणं, नऊ महिने भरायच्या आधीच कळा, किंवा हिरवट-काळपट पाणी जाणं. यातलं एक जरी झालं तरी श्वास मोजत घरी बसायचं नाही, लगेच दवाखाना. पाणी गेलं आणि कळा नाहीत, तरीही दवाखाना. आधीचं सिझेरियन आहे, जुळं आहे, बाळ पायाळू आहे, त्यांनी बाळंतपण कुठं करायचं हे डॉक्टरांशी बोलून आधीच पक्कं करावं. आणि एक हात जोडून विनंती: कळा वाढवायचं इंजेक्शन घरी कुणाकडूनही घेऊ नका. त्यानं पिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकतं. ते फक्त दवाखान्यात, नजरेखाली द्यायचं औषध आहे. पोटावर दाब देऊन बाळ खाली ढकलणंही तसंच धोक्याचं.

रक्ताचं सांगायला हवं. बाळंतपणात थोडं रक्त प्रत्येकीचं जातं. अंगात ११ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेली ते सोसते, सातच्या खाली असलेलीला तेच जिवावर बेततं. लोहाच्या गोळ्या उशाखाली ठेवू नका, घ्या. लिंबू-पाण्यासोबत, चहासोबत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भार बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. शेतात कितीही काम असलं तरी ती तारीख चुकवू नका.

मग गाडी. विंचूरकरांना हे वेगळं सांगायला नको. लासलगावचं ग्रामीण रुग्णालय जवळ, निफाडचं उपजिल्हा रुग्णालय त्यापेक्षा लांब, आणि नाशिकचं सिव्हिल फारच लांब. कांद्याच्या लिलावाच्या दिवशी ट्रॅक्टरच्या रांगा कुठपर्यंत येतात, ते आपण रोज बघतो. तेव्हा कुठल्या दवाखान्यात, कुठल्या रस्त्यानं, कुणाच्या गाडीतून जायचं, आणि ती गाडी नसली तर दुसरी कुणाची, हे आठव्या महिन्यातच ठरवा. मळ्यात राहणाऱ्यांनी तर रात्रीचा रस्ता एकदा नवऱ्याला चालून बघायला लावा. १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकेचे नंबर, आशाताईंचा नंबर आणि गाडीवाल्याचा नंबर दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहा. मोबाईलची बॅटरी संपते, दार कुठं जात नाही. सरकारी दवाखान्यात २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी हे सगळं मोफत आहे. पैशाच्या काळजीनं कळा दाबून घरी बसू नका.

पिशवी भरून ठेवा. त्यात माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे आणि रक्ताचे रिपोर्ट, आधार, बँकेचं पासबुक. दोन जुनी मऊ लुगडी, गाऊन, पॅड किंवा धुतलेले सुती कपडे, बाळासाठी झबली, टोपडं, दुपटी. जन्माआधी बाळाचं काही आणू नये असं ज्यांच्याकडं पाळतात, त्यांनी घरातली जुनी धुऊन वाळवून ठेवावीत, म्हणजे नियमही मोडत नाही आणि बाळही उघडं राहत नाही. सोबतीणीचे कपडे आणि चपलाही ठेवा. त्या नेहमी राहतात.

सिझेरियन झालंच तर? २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात साधारण चारातलं एक बाळंतपण तसं झालं. सगळीच गरजेची होती असं आम्ही म्हणणार नाही, आणि ‘कळा नकोत म्हणून करून टाका’ म्हणणाऱ्या घरांनाही आमचं सांगणं आहे की पोट चिरण्याचं दुखणं नंतर महिनाभर सोबत असतं. पण बाळाचे ठोके उतरले, कळा पुढं सरकेनात, तर तेच सिझेरियन जीव वाचवतं. अशा वेळी ‘तुला जमलं नाही’ असं बाईला कुणी म्हणू नये. का करताय, हे मात्र डॉक्टरांना विचारावं, त्यात अपमान नाही.

एवढं सगळं करूनही काहीजणींची भीती जात नाही. आधीचं बाळ गेलेलं असतं, किंवा पहिलं बाळंतपण फार वाईट गेलेलं असतं. झोप उडते, घास उतरत नाही, सारखं रडू येतं. हे दोन आठवडे चाललं तर ते नखरे नाहीत, दुखणं आहे. सिस्टरला सांगा. टेली-मानस म्हणून सरकारची मोफत फोनसेवा आहे, नंबर १४४१६. घरात बोलता येत नसेल तर मळ्यातून फोन करा.

बाळ आलं, रडलं, की पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवायला सांगा आणि दोघांवर मिळून दुपटं घाला. पहिल्या तासातच पाजायला घ्या. पिवळा चीक फेकू नका, मध-गूळ-पाणी चाटवू नका. सोबतीणीनं अजून उठायचं नाही. पहिल्या दिवशी अंगावर किती जातंय याकडं तिचंच लक्ष हवं: तासाभरात कपडा चिंब होत असेल, बाळंतिणीला गरगरत असेल, तर ताबडतोब सिस्टरला हाक मारायची. सगळं ठीक असेल तर नातेवाइकांना दाराबाहेर थांबवायचं कामही तिचंच. पेढे सकाळी वाटले तरी चालतील. बाळंतिणीला आधी काहीतरी गरम प्यायला द्या आणि झोपू द्या.